शेवटच्या खाटेवरचा रुमाल

पडद्यावर एक निळे चक्र फिरत होते. संथ, निर्विकार, अखंड! लातूरमधल्या आमच्या शिकवणीवर्गाच्या प्रवेशखोलीत कूलरमधल्या वाळ्याचा ओला गंध, गर्दीचा घाम आणि नव्या फायलींचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि पाचही खिडक्यांवरच्या संगणकांत तेच चक्र फिरत राहिले होते.

माझ्यासमोर मुखेडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. मुलींच्या वसतिगृहात एकच खाट उरली होती. ती मिळाली तरच पोर इथे शिकणार होती. "सकाळधरनं थांबून राहिलो, साहेब. खाट हाय का न्हाई, येवढं सांगा," ते म्हणाले.

संगणकांची देखभाल माझ्याकडे. दुखणे मी लगेच ओळखले. कुणीतरी त्या खाटेची नोंद उघडून, बदल अर्धवट ठेवून उठले होते. ती ना जतन होत होती, ना सुटत होती, आणि तिच्यामागे बाकी सारे खोळंबले होते. अशा निष्काळजीपणाची मला मनस्वी चीड आहे! धरलेले सोडावे, इतके का अवघड असते? आमच्या सर्वांत जुन्या कारकून सुलतानाआपा, त्यांच्यावर मी सगळ्यांदेखत डाफरलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "नोंद कुणी उघडली, ते नाव तर आधी बघा, सर."

पाहिले. नाव माझेच होते!

पायाखालची जमीन सरकली, असे आम्ही लातूरकर सहज म्हणत नाही. बालपणी ती खरोखर हललेली आम्ही अनुभवली आहे. पण त्या क्षणी दुसरे शब्दच सुचेनात. सकाळी नायगावच्या भाचीसाठी मीच ती खाट उघडली होती, आणि तिचे कागद येईपर्यंत नोंद तशीच टांगती ठेवून चहाला गेलो होतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा ना, अगदी तसे! आपण टाकलेला रुमाल आपल्याला कधी अडथळा वाटतो का?

मी संगणकावरचे माझेच उघडे सत्र तोडले. अर्धवट बदल पुसला गेला, खाट मोकळी झाली आणि मुखेडच्या मुलीच्या नावावर चढली. तिच्या वडिलांनी मला हात जोडले, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपांची क्षमा मागायला वळलो, तोच फोन वाजला. बहीण होती.

"नायगावहून निघून राहिलो आम्ही, दादा. खाट धरलीस ना?"

पडद्यावरचे चक्र थांबले होते. आता बहीण थांबली होती, माझ्या उत्तरासाठी.