कापसात कोसळलेलं विमान

नोकरीतल्या कितीतरी घटना आता पुसट झाल्या, पण ही आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की छाती थोडी पुढे येते. दसरा नुकताच झाला होता. हैदराबादच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. दुपारी फोन आला की वैमानिक प्रशिक्षण केंद्राचे छोटे विमान कापसाच्या शेतात कोसळले आहे. आत एकटी शिकाऊ मुलगी होती. ती वाचली, पण पाय आणि बरगड्या मोडल्या.

रस्त्यावरच्या अपघातात आम्ही वाहन बाजूला ओढून वाट मोकळी करतो. विमान पडले तर उलट, एक पत्राही हलवायचा नसतो. मी भोवती दोरी बांधून घेतली, शिपाई उभे केले, पंचनामा केला. सेल्फी काढायला आलेल्या एका पुढाऱ्यालाही आत सोडले नाही. तो अजून मला ओळख देत नाही आणि माझे काही अडलेले नाही.

मग दिल्लीहून अपघात तपास पथक आले. त्यांचे प्रमुख मितभाषी गृहस्थ होते. ते म्हणाले, "विमान एकाच कारणाने क्वचित पडतं. वैमानिकाची चूक, हवामान, यंत्रातला बिघाड, पक्षी, देखभालीतली हयगय, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. आम्ही एकेक खोडत जातो." आकाश स्वच्छ होते. इंजिन ठीक होते, टाकीत इंधन होते, पक्ष्याचे पीसही कुठे चिकटलेले नव्हते. उरली ती मुलगी. केंद्राच्या संचालकांनी तर पहिल्याच दिवशी निकाल लावला होता: पोरगी घाबरली, तिने वेग सोडला.

मुलगी शहरातल्याच नारायणगुडा भागातल्या मराठी घरातली. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचे आडनाव वाचून तिची आई माझ्याशी मराठीत बोलू लागली. "साहेब, हाडं जुळतील हो. पण हिनंच विमान पाडलं असं कागदावर आलं, तर हिला पुन्हा कोण बसू देईल?"

रुग्णालयात मी मुलीचा जबाब घेतला. "सर, काटा वेग जास्त दाखवत होता, म्हणून उतरताना मीच तो कमी केला. मग विमान एकदम खाली बसलं." दोन दिवसांनी पुन्हा विचारले, तरी तेच. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी गोष्ट सुधारून सांगतो. ही मात्र स्वतःच्या तोट्याचे वाक्य जसेच्या तसे सांगत होती. माझा तिच्यावर विश्वास बसला, पण विश्वासाला पुरावा म्हणत नाहीत.

पुरावा फोनवरून चालून आला. शेताच्या मालकीणबाई बोलत होत्या. "साब, उस रोज एक बात बोलना भूल गई मैं. सेंटर का एक आदमी सबसे पहले भागके आया. बच्ची अंदर रो री थी, और इने गीले रुमाल से जहाज पोंछ रा था. कायकू?"

तो माणूस म्हणजे केंद्राच्या देखभाल विभागाचा प्रमुख. ठाण्यात बोलावल्यावर म्हणाला, रक्त पुसत होतो. रक्त आत होते, पुसले बाहेरून. पण मी आवाज चढवला नाही. माणसाला गुन्ह्याबद्दल विचारले की तो दार लावून घेतो. ज्याचा त्याला अभिमान असतो त्याबद्दल विचारले की तो स्वतःच उघडतो. मी चहा मागवला आणि म्हणालो, दसऱ्याला तुमच्याकडे पूजा जोरात होते म्हणे. आमच्या ठाण्यातही शस्त्रांना आणि जीपला हळदकुंकू लागते, त्यामुळे त्याला यात काही वावगे वाटले नाही. तो खुलला. चाकाखाली लिंबू, पंख्याला झेंडूची माळ, आणि प्रत्येक विमानाच्या अंगावर कालवलेल्या हळदीची बोटे त्याने स्वतःच्या हाताने ओढली होती.

"कुठं कुठं ओढली?" मी विचारले.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मैं पोंछा था साब, उड़ने के पहले पोंछा था. छेद के अंदर चली गई होगी."

त्या विमानाच्या डाव्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक असते. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो आणि त्यावर वेगाचा व उंचीचा काटा चालतो. पथकाने त्यामागची नळी उघडली, तर आत वाळलेली हळद निघाली. विमान खाली येत होते, आतला दाब मागे रेंगाळत होता, आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवत होता. उडण्याआधी मुलीने ते भोक पाहिलेही होते. वरून ते स्वच्छच दिसत होते.

निष्काळजीपणाचा आणि पुरावा पुसल्याचा गुन्हा नोंदवून मी स्वतः रुग्णालयात गेलो. खरे सांगायचे तर मिशीला पीळ देऊनच गेलो. मुलीने सगळे शांतपणे ऐकले. आईने पदर डोळ्यांना लावला. मुलगी मात्र उठून बसायला धडपडू लागली.

"सर, पूजा सगळ्याच विमानांची झाली होती. बाकीची बघितली का?"

"आज सकाळीच पथकानं बघितली. आणखी एकात हळद सापडली. थांबवलेली उड्डाणं सुरू झाली की पहिलं तेच जाणार होतं."

ती पुन्हा उशीवर टेकली. "मग मी पडले ते बरं झालं," ती म्हणाली.

उभी हयात मी 'कोणी केले' एवढेच विचारत आलो. आरोपी सापडला की माझी फाइल बंद होत असे. हे पुन्हा कोणाच्या वाट्याला येईल का, हा तपासातला त्याहून मोठा प्रश्न मला त्या मोडक्या बरगड्यांच्या मुलीने शिकवला. अहवालात तिच्यावर ठपका आला नाही, आणि आज ती प्रवासी विमान चालवते. तिच्या जबाबाखाली सही माझी आहे.