उतरती रेघ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज वर्तमानपत्रात देशभरातल्या विषारी दारूच्या बळींचा आलेख होता. रेघ संथपणे खाली उतरत होती, पायवाट तळ्याकडे उतरावी तशी. चहा निवेपर्यंत मी ती पाहत राहिलो. अशा रेघा आम्हा सरकारी डॉक्टरांच्या सह्यांतून तयार होतात.

तालुक्याच्या दवाखान्यात हातभट्टीची दारू पिऊन एक माणूस माझ्यासमोर गेला. त्याचा भाऊ म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दारू लिहू नका. पोरीची सुपारी फुटलीय, लग्न मोडंल.” मी मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ असं लिहिलं. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. पोलिसांपर्यंत काही गेलं नाही आणि भट्टी चालू राहिली.

आठवड्याभरात त्याच आळीतला सखाराम आला. डोळ्यांपुढे अंधार आला म्हणत तोही गेला. त्याची बायको सरूबाई म्हणाली, “साहेब, पहिल्यालाबी दारूच बाधली व्हती का? कळलं असतं तर ह्यांना उंबरा वलांडू दिला नसता.”

“नाही बाई, त्याचं हृदय होतं,” मी म्हणालो.

सरूबाई, त्यालाही दारूच बाधली होती. एवढं सांगून तुमची माफी मागायला मी कधी आलो नाही.