साहेबांच्या नावाचा तलाव

कुणी गेल्याची बातमी आली, की आमचे मोठेबाबा आधी विचारायचे, "साहेब तर नाही ना?" नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. ज्या माणसाचा उभा जन्म राग केला, त्याच्या तब्येतीची एवढी काळजी त्याच्या बायकोनंही केली नसेल. "त्याले इतक्यात मरू नाही द्यायचं," म्हणायचे, "आधी खरं बोलू दे."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. विश्रांतवाडीत सगळे त्यांना 'सरदार' म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, घराणं मोठं असणार. कसलं घराणं! चंद्रपूरकडच्या कोळसाखाणीत ते सरदार होते, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीच्या जिवाची जबाबदारी त्यांची. खाणीचं छत काठीनं ठोकून, आवाज ऐकून ते 'चला' म्हणाले, की मगच टोळी आत जायची. पुण्यात कुणी नव्या फ्लॅटवर चहाला बोलावलं, तरी हे आधी छत्री उंच करून छत ठोकणार. यजमान बिचारे प्लास्टरकडे बघत बसायचे.

कोळसा संपला, कंपनी गेली आणि आमचं गाव नावापुरतं उरलं. पण पुण्यातले लोक पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवतात, तसं मोठेबाबा बसल्या जागी गाव दाखवायचे. ही चिमणी, धूर बंद. हे खाणीच्या तोंडावरचं लोखंडी चाक, अर्धं भंगारवाल्यांनी नेलं. ह्या क्वार्टर, दारं-खिडक्या चोरांनी नेल्या. ही काळी टेकडी, खाणीतला दगड टाकून टाकून झालेली. "आणि हा तलाव," म्हणून बाजूला थुंकायचे. पुढे बोलायचे नाहीत. पुढचं मी सांगते.

तो तलाव कुणीही खणलेला नाही. त्या सकाळी मोठेबाबांनी छत ठोकलं आणि सांगितलं, "पोकळ वाजते, आज कोणी आत जायचं नाही." मॅनेजरसाहेबांना कोळसा हवा होता. त्यांनी मोठेबाबांना वरच्या कामावर लावलं आणि माझ्या वडिलांना, राजारामला, आत धाडलं. छत बसलं. पाठोपाठ वरची जमीन खचली, खड्ड्यात पाणी भरलं. वडील अजून त्या पाण्याखाली आहेत. साहेबांनी वर काय कळवलं? राजाराम मनाई मोडून स्वतःच आत शिरला! पुढे कंपनीनं काठावर बाकं टाकून त्या पाण्याला साहेबांचं नाव दिलं. हल्ली तिथं लग्नाआधीचे फोटो काढतात म्हणे. काढा बाबांनो, छान हसा.

मला खडकीला नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्यात आलो. साहेब निवृत्त होऊन धायरीत राहतात, हे गावाकडच्या एकानं सांगितलं, आणि मोठेबाबांना म्हातारपणी उद्योग मिळाला. दर रविवारी दोन बस बदलून धायरी. साहेबांच्या सोसायटीच्या फाटकापाशी बसायचं. साहेब फिरायला निघाले की उठून उभं राहायचं, "जय भीम साहेब" म्हणायचं आणि विचारायचं, "राजाराम वर आला का जी?" बस. पुढची गाडी पकडून घरी. साहेबांनी फिरायची वेळ बदलली, मोठेबाबांनी बसची बदलली. शेवटी वॉचमनच त्यांना खुर्ची द्यायला लागला.

विहारातली माणसं समजवायची, सरदार, राग सोडा, क्षमा करा. मोठेबाबा हात जोडून म्हणायचे, "राग सोडतो जी. पण खोटं कसं गिळू?" मी मात्र राग सोडायच्या गोष्टी करणाऱ्यांना चहासुद्धा विचारायची नाही. बाप त्यांचा नव्हता बुडाला.

मग एका सकाळी साहेबांच्या मुलाचा फोन आला. बाबांचं काही खरं नाही, तुमची आठवण काढतात, येऊन जाल का? मोठेबाबा मला म्हणाले, "चप्पल घाल."

साहेब पलंगावर अगदी वाळून गेले होते. आम्हाला बघताच हात जोडले. "सरदार, माफ करा."

"काहून जी? काय केलं तुमी?"

"झालं गेलं..."

"तसं नाही. काय केलं, ते पोरासमोर बोला."

मुलगा गोंधळून एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मोठेबाबा पायाशी उभेच राहिले. अखेर भिंतीकडे बघतच साहेब म्हणाले, "सरदारनं छत खराब आहे म्हणून सांगितलं होतं. राजारामला मी पाठवलं. तो जात नव्हता. मी नोकरीवरून काढायची धमकी दिली."

जात नव्हता. हे मोठेबाबांनासुद्धा ठाऊक नव्हतं. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"आता तरी माफ करा," साहेब रडायला लागले.

मोठेबाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे राजारामची पोरगी. तिलेच विचारा."

साहेबांनी मान वळवली. डोळ्यांत पाणी, हात अजून जोडलेलेच. माझं काळीज हललं का? नाही हललं.

"नाही," मी म्हटलं, आणि आम्ही जिना उतरलो.

त्याच आठवड्यात साहेब गेले. मागच्या उन्हाळ्यात मोठेबाबाही गेले. साहेबांना भेटून परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. स्वारगेट जवळ आलं तेव्हा हळूच म्हणाले, "मी एकटा गेलो असतो, तर माफ करून आलो असतो."

मी चिडून विचारलं, "मग?"

"म्हणून तर तुले नेलं."