आईच्या डब्यातल्या कुरडया

माझा राग वाईट, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी जेवढी तापले तेवढी जन्मात कधी तापले नाही, आणि तेही एका कढईवरून.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आई हिवाळ्यात गेली. तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणून आदल्या दिवशीच मी धुळ्याहून एसटीने नशिराबादला माहेरी आले. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि तिच्यापुढे पान वाढतात. पुरणपोळी, आमरस आणि तळलेली कुरडई. कुरडई नसेल तर ते पान पुरं होत नाही. घरात माणूस गेलेलं, म्हणून यंदा वाळवण घातलं नव्हतं. पण आईचा गेल्या उन्हाळ्यातला पत्र्याचा डबा होता. गाडीत उभ्याने येताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, आईच्या पानात आईच्याच हातची कुरडई पडली पाहिजे.

उंबरा ओलांडला तर दोन्ही भाचरं ताटल्या वाजवत ओरडताहेत, "नूडल्स! नूडल्स!" भावजय चुलीपाशी, आणि तो डबा शेजारी पालथा.

कुरडया उकळत्या पाण्यात भिजवून, निथळून, तिने फोडणीला टाकल्या होत्या. मोहरी, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर काळा मसाला. दहा मिनिटांचं काम. कुरडईची भाजी आम्हीही लहानपणी खाल्ली, त्यात नवं काही नाही. पण शेजारच्यांच्या टीव्हीवर त्या पाकिटातल्या नूडल्सची जाहिरात लागायची, म्हणून पोरांनी आपल्या भाजीचंही नवं बारसं केलेलं. पांढऱ्याशुभ्र तारा मसाल्यात काळपट झालेल्या बघितल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अगं, काही लाजलज्जा?" मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "उद्या तिची घागर भरायची आणि आज तू पोरांचे चोचले पुरवतेस? तीन-तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून घाटायचा, मग हात मोडेस्तोवर सोऱ्या दाबायचा! आईने जीव ओतलाय त्यात. आणि तू त्याचं हे जळ्ळं मेलं नूडल्स केलंस!"

 धाकटीने ताटली पाठीमागे लपवली. ते बघूनही मी थांबले नाही. आई गेली तर घर कसं उघडं पडलं, या घरात आता कुणाला कशाची किंमत नाही, सगळं बोलून घेतलं. भाऊ घरी असता तर त्यालाही सोडलं नसतं. भावजय उलथनं हलवत राहिली. तिने एकदाही मान वर केली नाही, त्याने मी आणखीच पेटले.

"बोल की! दातखीळ बसली का?"

तिने कढई उतरवली, पदराला हात पुसले.

"पानासाठी दोन काढून ठेवल्यात, अक्का. फडताळात आहेत."

"आईच्या हातच्या?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. एरवी माझ्याशी शहरातल्यासारखं जपून बोलणारी बाई, पण या वेळी तिच्या तोंडून माहेरची बोली आली. "बठ्ठ्या मन्हाच हातन्या शेतस."

सगळ्या हिच्याच हातच्या? मला कळेना. मग तिनेच सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात आईच्याने सोऱ्या दाबवत नव्हता. बोटं वळत नव्हती. आई खाटेवर बसून नुसतं सांगायची, चीक अजून घाट, मीठ बघ. पाच पायल्यांच्या कुरडया हिने एकटीने घातल्या. पोरं नूडल्स मागायला लागली तेव्हा आईच म्हणाली, दे करून, खाण्यासाठीच असतात.

"मग मला का नाही कळवलं? मी आले असते की मदतीला!"

हे मी ओरडूनच म्हणाले. ती मात्र आवाज न चढवता म्हणाली, "सासूबाईंनी कळवलं होतं. पत्र मीच लिहिलं, त्यांना कुठे लिहिता येत होतं? तुमचं उत्तरही मीच वाचून दाखवलं."

तेव्हा आठवलं. आंतरदेशीय पत्रात दोन ओळी खरडल्या होत्या मी. उन्हात कशाला मरतेस, आता बाजारात दोन मिनिटांत होणारी पाकिटं मिळतात, कुरडया खातंय कोण.

भावजयीने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. पोरांना वाढलं. मलाही वाढलं.

ते पत्र ऐकून आई काय म्हणाली, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आजपर्यंत झालेली नाही.