काचेच्या कपाटातली सेफ्टी

चिक्कीच्या बरणीत तळाला चुरा साठतो ना, तसे किस्से साठतात बघा. टाकवत नाहीत आणि एकटीनं संपवतही नाहीत! आमच्या तुंगार्लीच्या घराची किचनची खिडकी नेमकी शेजारच्या चिक्कीच्या कारखान्यावर उघडते, त्यात माझा काय दोष?

मालक दिलीपशेट. कामाला पाच-सहा बायका, त्यांत औंढ्याहून येणारी सुनंदा सगळ्यांत जुनी. उकळता पाक ओट्यावर ओतायचा आणि गार व्हायच्या आत लोखंडी लाटण्यानं लाटायचा, हे तिचं काम. उघड्या हातांनी!

*

एकदा तिचा तळवा भाजला. शेट लय हळहळले. हँडग्लोव्हज आणले, मलमाची पेटी आणली, सगळं काचेच्या कपाटात छान मांडलं आणि कुलूप लावलं.

"शेट, घालू का?" सुनंदानं विचारलं.

"अगं, वापरले तर मळतील ना! तपासणीला साहेब आले तर काय दाखवू?"

तिच्या हातावरचे फोड बसेपर्यंत तिच्या घरच्या भाकऱ्या मी थापल्या.

*

मग आग विझवायचा लाल सिलिंडर आला. दसऱ्याला त्याचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि पिन कुणी ओढू नये म्हणून तिला दोरा घट्ट गुंडाळलेला.

मी खिडकीतूनच म्हटलं, "शेट, आग लागली तर?"

"वहिनी, पूजा केलीय. लागतेच कशी?"

*

चपला मात्र बाहेर! "अन्नाची जागा आहे," म्हणायचे शेट. बायका अनवाणी, पायाशी पाकाचे शिंतोडे. हे सांगताना शेटच्या पायांत बूट.

*

पुण्याहून एक मुलगी सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायला आली. "मावशी, भाजलं तर आधी काय कराल?"

सुनंदा म्हणाली, "शेटला फोन."

"का?"

"कपाटाची किल्ली त्यांच्यापाशी अस्ती!"

सगळ्यांत जोरात टाळ्या शेटनीच वाजवल्या.

*

परवाच्या लाँग वीकेंडला गावात पर्यटकांच्या गाड्याच गाड्या, शेटच्या दुकानात माल संपत आलेला. शेट बाह्या सरसावून आत आले.

"हात चालत नाहीत तुमचे! सरका, मी दाखवतो."

लाटणं धरलं, जोर लावला, लाटणं सटकलं आणि पंजा थेट पाकात!

बोंब माझ्या खिडकीपर्यंत. "मलम! मलम आणा!"

सुनंदानं त्यांचा हात नळाखाली धरला. "किल्ली कुटंय?"

शेटनी दुसऱ्या हातानं खिसे चाचपले. "घरी राहिली गं... दुसऱ्या पँटमध्ये!"

सुनंदानं लाटणं उचललं आणि कपाटावर हाणलं. खळ्ळ! हाताला पदर गुंडाळून मलम काढलं, शेटसमोर ठेवलं. मग ग्लोव्हज काढले, नीट झटकले, हातांत चढवले आणि ओट्याकडं वळली.

"चला गं, पाक गार व्हतोय!"

शेट नळाखाली हात धरून कळवळत ओरडले, "सुनंदे, मळतील गं ते!"