दोरीमामाची कयाक

आमच्या मामाचं पेन आयुष्यात कधी हरवलेलं नाही, कारण ते बांधलेलं असतं. मामा एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये अवजारं देतो आणि परत घेतो. गेली सत्तावीस वर्षं खिडकीच्या जाळीमागे बसून तो एकच वाक्य बोलतोय: "सही करा, मग न्या." त्याचा आवाज काढायचा तर नाक दाबायचं आणि शेवटचं अक्षर गिळायचं. घरीही तेच. टीव्हीचा रिमोट सोफ्याला, टॉर्च दाराच्या कडीला. आई शिवणकाम करते, तर तिची दोरे कापायची छोटी कात्री तिच्या गळ्यात. सगळ्या गाठी मामाच्या. गल्लीत त्याला दोरीमामा म्हणतात, आणि तेही तोंडावर.

या माणसाला आमच्या घरात खोली नाही. बाबा गेल्यावर आई म्हणाली होती, "थोडे दिवस ये." त्याला अकरा वर्षं झाली. त्याचा पलंग पॅसेजमध्ये आहे, त्यामुळे न्हाणीघराकडे जाणारा प्रत्येक जण त्याचे पाय ओलांडून जातो. कुणाची चाहूल लागली की झोपेतच त्याचे पाय आखडतात, फाटक उघडावं तसे. माणूस गेला की फाटक बंद.

म्हणूनच त्याने ती कयाक घेतली असणार. एकाच माणसाची, प्लास्टिकची, हिरवीगार निमुळती होडी. रविवारी सकाळी दोन तास तो तळ्यावर मासे धरतो आणि सोडून देतो. तिथे त्याला कुणी ओलांडत नाही. उरलेला आठवडा ती आमच्या बाल्कनीत आडवी टांगलेली असते आणि कपडे वाळत घालताना आईच्या कपाळाला लागते.

"लोकांच्या बाल्कनीत झोपाळा असतो," आई कपाळ चोळत म्हणते. "आमच्या नशिबी काकडी."

पहिल्याच महिन्यात मामाची मासे धरायची जाळी पाण्यात पडली. पुढच्या महिन्यात पक्कड गेली. तेव्हा आईने निकाल देऊन टाकला. "आता तिसरी वस्तू बुडाली ना, की ही काकडी विकायची. घरात आधीच जागा नाही, त्यात हे तळ्यात वस्तू दान करणं!"

 त्या रात्री मामाने पाय आखडले नाहीत. मी सपशेल आपटले.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन मासेमारीच्या दुकानात गेला. दुकानदार हात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवल्याशिवाय वाक्य सुरूच करत नाही. "हे बघा साहेब! काठावरचा माणूस उभा असतो, तुम्ही बसलेले. तुमचा मासा कुठे येणार? थेट मांडीत! मग त्याला धरायचं कसं? हा घ्या टोकदार आकडा. एक झटका, की मासा वर!"

"आणि झटक्यात मासा निसटला, तर आकडा कुठे जाणार?" मामाने विचारलं.

दुकानदाराने मामाच्या मांडीकडे पाहिलं आणि आकडा परत खिळ्याला टांगला.

मग जाळ्या निघाल्या. लांब दांड्याची बसल्या बसल्या आवरत नाही, म्हणून आखूड दांड्याची. दोऱ्याच्या जाळीत गळ रुतून बसतो, म्हणून रबराची. मामा दुकानात फरशीवर पाय पसरून बसला आणि एका हाताने जाळी सतरा वेळा उचलून पाहिली. मासा म्हणून माझी चप्पल होती. तिला तो दर वेळी हळूच बाहेर काढून बाजूला ठेवायचा. नंतर माशाचा ओठ पकडायचा चिमटा घेतला, म्हणजे अंगाला हात लावायला नको. गळ काढायला लांब चोचीची पक्कड घेतली.

"आणि ही बोथट टोकाची छोटी सुरी," दुकानदाराने पुन्हा खांदा धरला. "दोरा कुठे गुंतला तर हीच कामाची. बाकी सगळं विसरा, ही विसरू नका!"

मामा विसरला नाही. घरी आल्या आल्या त्याने सुरी कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. स्टोअरचा नियमच आहे, धारेची वस्तू कुलपात. मग जाळी, चिमटा, पक्कड आणि वल्हं, प्रत्येकाला जुन्या फोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची दोरी लावून चारही दोऱ्या त्याने कयाकला बांधल्या.

"आता काय बुडतंय बघू," तो म्हणाला. घरात इतकं लांब वाक्य मी त्याच्याकडून वर्षभरात ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी आईही तळ्यावर आली. "बघू तरी, त्या काकडीत एवढं काय आहे."

मासा लागला तो मोठाच. मामाने जाळी घातली, चिमट्याने ओठ धरला, पकडीला हात घातला. सगळं दुकानातल्यासारखं. फक्त माझी चप्पल कधी उसळली नव्हती. हा उसळला, दोनदा फिरला, आणि चारही दोऱ्या मामाच्या डाव्या मनगटाभोवती आणि गुडघ्याभोवती वेणीसारख्या वळल्या. त्याच झटक्यात दोऱ्यावरचा दुसरा गळ त्याच्या उजव्या बाहीत शिरला. एक हात गुडघ्याशी बांधलेला, दुसरा माशाशी. वल्हं पाठीमागे. मामाची गाठ ओली झाली की सुटत नाही, हे तोच सगळ्यांना अभिमानाने सांगतो.

कयाक हळूहळू वाहत पाणवनस्पतींत जाऊन रुतली. मामाने हाक मारली नाही. तो नुसता बसून राहिला, खिडकीच्या जाळीमागे बसतो तसा.

"सुरी काढ!" आई ओरडली.

"कपाटात आहे!"

"मग किल्ली कुठाय?"

मामाने हनुवटीने आपल्याच गळ्याकडे खूण केली.

आई कपाळावर हात मारून तळ्याच्या पहारेकऱ्याकडे धावली. त्याचा आवाज म्हणजे अर्धवट भरलेली बादली.

"बुडतायत का?"

"नाही हो, अडकलाय."

"अडकणं माझ्याकडे येत नाही, ताई. माझ्याकडे फक्त बुडणं."

"तो बुडेपर्यंत थांबू का? काढा होडी!"

त्याने होडी काढली. आम्ही जवळ पोचलो तेव्हा मामा माशाला बाहीनेच पाणी मारत होता.

"आधी त्याला सोडव," मामा म्हणाला.

"गप बस."

पण आईने कापला आधी माशाचाच दोरा. आईच्या गळ्यातल्या कात्रीची दोरी आखूड, त्यामुळे प्रत्येक वेटोळ्याला तिला मान इतकी वाकवावी लागत होती की तिचं कपाळ मामाच्या खांद्याला टेकत होतं. अकरा वर्षांत ती दोघं इतकी जवळ बसलेली मी पाहिली नव्हती.

"किती बांधलंयस रे," ती हळूच म्हणाली.

"बुडलं असतं तर तू विकली असतीस."

तेवढ्यात तिसरी दोरी तुटली, पक्कड कडेवरून घसरली आणि बुडुक! आम्ही सगळे पाण्यातली वर्तुळं बघत बसलो. पहारेकरीसुद्धा.

"तिसरी," मामा म्हणाला. शेवटचं अक्षर त्याने गिळलं.

आईने कात्रीकडे पाहिलं. "ती मी पाडली. तुझ्या दोनच."

कयाक राहिली. अजूनही आईच्या कपाळाला लागते. मात्र आता दर रविवारी आई तळ्यावर येते. कयाकच्या शेपटीला एक लांब दोरी बांधते आणि दुसरं टोक पायरीवर पायाखाली धरून मोजे विणत बसते. गाठ मामानेच शिकवलेली. मामा वल्हं मारत जातो, दोरी ताणली की थांबतो आणि आमच्याकडे पाठ करून दोन तास बसतो.

सुरी आता कुलपात नसते. त्याच्या छातीवर लटकते. कधीकधी तो ती हातात घेतो, अंगठ्याने धार बघतो आणि मागे वळून शेपटीच्या गाठीकडे पाहतो. आईच्या सुया तेवढ्यापुरत्या थांबतात.

मग तो सुरी सोडून देतो, आणि ती परत छातीवर येऊन लागते.