हिलाल मिस्तरींच्या चार फ्रेम

"कागळ क्यां छे, शैलाबेन?" देसाईसाहेबांनी फाईल उलटीपालटी करून विचारलं. फाईलमध्ये एकच कागद होता आणि तो मीच लिहिलेला होता.

"कागद नाहीत, साहेब. माणूस आहे. बाहेर बसलाय."

"माणूस फाईलला लावता येत नाही."

देसाईसाहेब आमचे क्वालिटी मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली व्हेंडर डेव्हलपमेंट बघत असे, म्हणजे कंपनीला लागणारे भाग बाहेरून कोण करून देईल ते शोधायचं आणि तो माणूस भरवशाचा आहे की नाही ते तपासायचं. आमची कंपनी सुरतेत हॉस्पिटलचं फर्निचर बनवायची. नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही व्हीलचेअर सुरू केली आणि नळ्या जोडणारा चांगला कारागीर आम्हाला मिळेना.

बाहेर बसलेले गृहस्थ म्हणजे हिलाल मिस्तरी. पन्नाशी ओलांडलेले, अमळनेरकडचे. हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे वेल्डिंग करत होते. ते काम महिनाअखेर संपणार होतं. पांडेसऱ्यात एक शेड त्यांना भाड्याने मिळत होती, पण मालकाची अट होती की आधी हातात ऑर्डर दाखवा. ऑर्डर नाही तर शेड नाही, आणि शेड नाही तर बिऱ्हाड उचलून गावी परत. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही.

दहा वर्षांपूर्वी हेच मिस्तरी सुरतेतल्याच लिंबायतमध्ये स्वतः सायकलच्या फ्रेम बनवत. तेव्हा पोरांमध्ये बीएमएक्सचं वेड आलं होतं. वीस इंची चाकं, जाड नळ्या, उड्या मारायला बनवलेली बुटकी सायकल. कंपनीची घेणं मिल-कामगाराला परवडायचं नाही. हिलाल मिस्तरींनी एक फ्रेम पाहून तशीच बनवली, मग दुसरी, अशा एकेचाळीस. त्या सगळ्या ब्रेझिंगने जोडलेल्या. वेल्डिंगमध्ये नळीच वितळवून जोडतात. ब्रेझिंगमध्ये नळी वितळत नाही. तिला लाल होईपर्यंत शेक द्यायचा, टाकणखार लावायचा आणि दोन नळ्यांच्या मधल्या फटीत पितळ वितळवून सोडायचं. पितळ सगळीकडे पोचलं तर जोड पक्का. पोचलं की नाही हे बाहेरून कळत नाही.

"आपल्या नियमात एक सोय आहे," मी साहेबांना म्हटलं. "सर्टिफिकेट नसेल तर पाच वर्षांहून जास्त वापरलेला माल दाखवायचा. चार नमुने. ते कापून बघायचे."

"दहा वर्षांपूर्वीच्या पोरांच्या सायकली तुम्ही सुरतेत शोधणार?"

"हो."

"पंधरा दिवस," साहेब म्हणाले आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

मिस्तरींकडे नंबराचे पंच कधीच नव्हते. त्यांनी वेगळीच युक्ती केली होती. प्रत्येक फ्रेम तयार झाली की ती खांद्यावर टाकून भांड्यांच्या दुकानात न्यायची. तिथे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालणारा माणूस बसलेला असे. पायडलचा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटाशी तो छिन्नीने नाव आणि तारीख घालून द्यायचा. तीच नावं आणि तारखा मिस्तरींनी एका शाळेच्या वहीत उतरवून ठेवली होती, पुढे वस्ती लिहून.

मला वही बघून आनंद झाला. मी एकेचाळीस नावांची यादी केली, त्यातली सुरतेतली वेगळी काढली, वस्तीप्रमाणे लावली. अकरा नावं मिळाली. रोज सुटल्यावर एक घर, रविवारीही.

पहिलं नाव एकनाथ सोनवणे. लूमवर काम करणारे, चाळिशी कधीच उलटलेली. दारातच लुंगी सावरत म्हणाले, "हिलाल मिस्तरीची बुटकी सायकल? माझ्याकडं? बाई, तिच्यावर मी बसलो तर गुडघे कानाला लागतील."

बायको आतून म्हणाली, "बसवा हो एकदा, बघू तरी."

मी यादीत "नाही" लिहिलं. दुसरीकडे नाही. तिसरं घर गावी गेलेलं. चौथे गृहस्थ साठीचे निघाले आणि मी त्यांची थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. आठवड्यात सात घरं झाली आणि सातही ठिकाणी "नाही". बीएमएक्स सायकल वापरणारी सगळी माणसं इतकी वयस्कर कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी फक्त खुणा करत होते.

आठवं घर पर्वत पाटियाजवळ, वाघांचं. वाघ कामावर गेले होते. त्यांची बायको म्हणाली, "आमच्याकडं सायकलच नाही ताई, पण पाणी तर घ्या." मी स्टीलच्या पेल्यातून पाणी प्याले. सवयीने पेल्यावरचं नाव वाचलं. मोतीराम बोरसे.

"हे कोण?"

"माझा भाऊ. लग्नात सगळी भांडी त्याचीच."

पेला हातात धरून मी तशीच बसले. माझं माहेर धुळ्याचं. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात निम्म्या भांड्यांवर माझ्या दोन मामांची आणि एका आत्याची नावं आहेत. भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचं. भांडी वापरणारा कोण हे घरात सगळ्यांना माहीत असतंच की.

"वहिनी, वाघांनी कुणाला सायकल भेट दिली होती का?"

"दिली ना! नणंदेच्या पोराला, त्याच्या मुंजीत. मस्त लाल होती. तुम्ही ती शोधताय का?"

संध्याकाळी मी मिस्तरींना गाठलं. "वहीतली नावं सायकल घेणाऱ्या पोरांची नाहीत?"

"पोरांची कशाला ऱ्हातीन?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मामा आणून देतो, तर नाव मामाचं. तुमच्याकडं नाही घालत का ताई?"

"घालतात."

"मंग?"

मग काही नाही. मी यादी नव्याने केली. तिसरा रकाना आखला: भाचा कुठे राहतो. सोनवण्यांकडे पुन्हा गेले तर ते उलट माझ्यावरच उखडले. "दिली ना भाच्याला! तुम्ही विचारलं माझ्याकडं आहे का. माझ्याकडं नव्हतीच. कुठं आहे ते कुठं विचारलं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पुढच्या पाच दिवसांत तीन फ्रेम हाती आल्या. एक माळ्यावर, एक गॅलरीत तुळशीच्या कुंड्यांचा स्टँड म्हणून उलटी टांगलेली आणि वाघांच्या बहिणीकडची लाल, चाकं काढून ठेवलेली. भाचे आता मिसरूड फुटलेले होते, त्यांना लुना हवी होती. फ्रेम सगळ्यांनी आनंदाने दिल्या.

चौथी सोनवण्यांच्या बहिणीकडे, पांडेसऱ्यात. विमलबाई. ती सायकल अजून चालत होती, पण पोराच्या हातात नव्हती. विमलबाई घरी साड्यांचं धागा कटिंग करत, म्हणजे विणल्यावर मागे लोंबणारे धागे कापून साडी साफ करायची. रोज सकाळी कारखान्यातून साड्यांचा गठ्ठा आणायचा, संध्याकाळी पोचवायचा. मागे लोखंडी कॅरिअर वेल्ड करून घेतलेला. सायकल बुटकी म्हणून गठ्ठा चढवायला सोपा.

"कापायची?" विमलबाईंनी कात्री खाली ठेवली. "चांगली चालते ती? मोडकी घेऊन जा ना."

"मोडकीवरून काही कळणार नाही. जी रोज ओझं वाहते तीच बघायची आहे."

"तुमचं कळणं होईल. माझा गठ्ठा डोक्यावरून नेऊ का?"

मी काही बोलायच्या आत हिलाल मिस्तरींनी स्वतःची सायकल भिंतीला टेकवली. जुनी, काळी, पण धडधाकट. "ही ठेवा. कॅरिअर याला पण आहे."

"ही उंच आहे."

"सीट खाली करून देतो." आणि पान्याने तिथेच सीट खाली करायला बसले. विमलबाईंनी दोनदा बसून पाहिलं, ब्रेक दाबले, घंटी वाजवली. "घंटी गोड आहे," त्या म्हणाल्या आणि बुटकी सायकल दिली. मिस्तरी ती ढकलत माझ्यासोबत चालत आले. बसा म्हटलं तर म्हणाले, "आता ही कंपनीची."

तेराव्या दिवशी आमच्या टूलरूममध्ये चारही फ्रेम टेबलावर होत्या. देसाईसाहेब आले. मिस्तरी कोपऱ्यात हात मागे बांधून उभे. टूलरूमच्या माणसाने हॅकसॉने एकेक जोड उभा चिरला, घासून चकचकीत केला आणि भिंगाखाली ठेवला. दोन नळ्यांच्या मध्ये पितळेची पिवळी रेघ दिसायला हवी. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असेल तर पास.

पहिली फ्रेम, सलग. दुसरी, सलग. तिसरीला साहेबांनी भिंग नाकाजवळ नेलं आणि "सरस," म्हणाले. हा शब्द ते वर्षातून दोनदा वापरत.

चौथी विमलबाईंची. मागच्या जोडात पिवळी रेघ निम्म्यावर थांबली होती. पुढे काळी फट.

साहेबांनी फ्रेम फिरवून पाहिली. मग हिंदीत म्हणाले, "इथे शेजारीच कुणीतरी नंतर कॅरिअर वेल्ड केलाय. त्याच्या उष्णतेने पितळ निघून गेलं असेल. मिस्तरी, तुम्ही केलं नाही ना ते वेल्डिंग?"

साहेबांना तीन चांगले नमुने आवडले होते. त्यांनी दार उघडून दिलं होतं. मिस्तरींनी नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, कारण कॅरिअर दुसऱ्यानेच लावला होता. मी फॉर्मवर पेन टेकवून उभी होते आणि त्यांनी तेवढंच म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.

मिस्तरींनी भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हाऊ जोड मनाच शे."

हा जोड माझाच आहे, असं ते म्हणत होते, पण साहेबांना अहिराणी कळली नाही. मिस्तरींनी हिंदीत सांगितलं, "साहब, ये मेरा ही गलती है. पितळ आत गेलंच नव्हतं. गेलं असतं तर डाग राहिला असता. हे काळं दिसतंय ना, इथे टाकणखार पोचला नाही. मी एकाच बाजूने शेक दिला, फ्रेम फिरवली नाही. सिलिंडर संपत आला असेल, घाई केली असेल."

"मग एवढी वर्षं टिकली कशी?"

"नशीब. आता टिकेल असं सांगता येत नाही."

मग त्यांनी फ्रेम उलटी केली, पोटाखालची तारीख अंगठ्याने पुसून वाचली आणि माझ्याकडे वही मागितली. त्या तारखेच्या पुढे तीन नावं होती, म्हणजे त्याच दिवशी त्याच सिलिंडरवर केलेल्या तीन फ्रेम. एक हे. एक शिरपूरकडच्या गावातलं. एक उधन्याचं. उधन्याचं नाव माझ्या यादीत होतं, पण चार फ्रेम मिळाल्यावर मी तिथे जायचं सोडून दिलं होतं.

"साहब, मैं जाके आता हूँ," मिस्तरी म्हणाले.

"कुठे? अजून फॉर्म भरायचाय."

"उधन्याला. एखादं पोरगं बसत असेल तिच्यावर." आणि ते निघाले. सायकल तर विमलबाईंकडे होती. गेटवरच्या वॉचमनने नंतर सांगितलं, ते अर्धं पळतच गेले.

देसाईसाहेब फॉर्म समोर घेऊन बसले. चारपैकी चार असा नियम होता. त्यांनी "व्हीलचेअर मेन फ्रेम" या ओळीपुढे "नामंजूर" लिहिलं. माझा चेहरा पाहिला असावा, कारण ते म्हणाले, "बेन, त्या खुर्चीत पेशंट बसणार." मग त्यांनी खालच्या ओळीत लिहिलं: "फूटरेस्ट, सहा महिने, दर विसात एक नग कापून तपासावा." फूटरेस्ट म्हणजे पाय ठेवायची पट्टी. तुटली तर पाय घसरतो, माणूस पडत नाही. शेरा या रकान्यात त्यांनी एकच वाक्य लिहिलं: "दोष स्वतः ओळखला व कारण सांगितले."

फूटरेस्टची का होईना, ती ऑर्डर होती. शेडच्या मालकाला तेवढी पुरली.

मिस्तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उधन्याची फ्रेम खांद्यावर घेऊन आले. ती बारा वर्षांच्या एका मुलीच्या वापरात होती, शाळेला जायला. कापली तर जोड तसाच, निम्मा. शिरपूरकडच्या मामांना मी पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं की सायकल गोठ्यात टांगलेली आहे, भाचा पोलिसात लागला, काळजी नसावी. त्या मुलीला आणि विमलबाईंना मिस्तरींनी नव्या शेडमधल्या पहिल्या दोन फ्रेम करून दिल्या. विमलबाईंनी मात्र काळी सायकल परत द्यायला दोन महिने लावले. घंटी आवडली होती. आठ महिन्यांनी मेन फ्रेमचं कामही मिस्तरींकडे आलं, पुन्हा चार नमुने कापून.

मी पुढे तेरा वर्षं व्हेंडर तपासले. नव्या माणसाला सगळे उत्तम नमुना मागतात, मीही मागत असे. या प्रकारानंतर मी त्याबरोबर एक फसलेला नमुनाही आणायला सांगू लागले. आणला तर आम्ही बसून तो का फसला ते बोलायचो, त्यातच निम्मी तपासणी व्हायची. जो म्हणायचा माझ्या हातून एकही नग फसलेला नाही, त्याचे मी चारच्या जागी आठ कापायला पाठवत असे.